माझ्या नावाची घंटा

माझा थोरला भाऊ फोनवरसुद्धा अंगणातून हाक मारल्यासारखा बोलायचा. शनिवारी सकाळी मिरजेहून त्याचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम माझं पाळण्यातलं नाव, तेही असं की शेजारच्या आळीत ऐकू जावं. इकडे अमेरिकेत, श्रूजबरीत, फोन माझ्या कानाला चिकटलेला असायचा, तरी मी तितक्याच जोरात "ओऽ" द्यायची. मग तो म्हणायचा, "आहेस ना? बरं झालं." एवढं झाल्याखेरीज आमचं पुढचं बोलणं सुरूच व्हायचं नाही. माझा नवरा हसायचा. म्हणायचा, तुम्हा भावंडांना फोन कशाला लागतो, खिडकी उघडून बोललात तरी पोचेल.

आधी नवरा गेला आणि गेल्या हिवाळ्यात भाऊ. त्या आठवड्यात इथे बर्फाचं वादळ होतं, फ्लाइट कॅन्सल झाली, मला जाता आलं नाही. भाच्यानं बिचाऱ्यानं व्हिडिओ लावून दिला आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवला. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून तो कलंडला. मग मला बहुतेक वेळ छताचा पंखाच दिसत राहिला. माणसांचे आवाज येत होते, भटजींचा आवाज येत होता, आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून पंख्याकडे बघत रडत होते.

पुढच्या शनिवारी सवयीनं चहा घेऊन फोनजवळ बसले. फोन वाजणार नाही हे मला काय कळत नव्हतं? तरी बसले. आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, की त्या नावानं मला हाक मारणारं आता या पृथ्वीवर कोणी राहिलेलं नाही. आई-वडील केव्हाच गेले. बारशाला कानात कुर्र करून ज्या आत्यानं ते नाव ठेवलं तीही गेली. शाळेतल्या मैत्रिणी कुठे पांगल्या देव जाणे. भाऊ शेवटचा होता. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण हे दुःख निराळं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सत्तरीला टेकलेल्या बाईनं, मला कोणी नावानं हाक मारत नाही म्हणून डोळे गाळायचे? लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला.

मग मला दुसरं नाव नाही का? आहे की! लग्नात ठेवलेलं. आमच्या वेळी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा, आणि बाकीचे पेढे खायचे. माझ्या नवऱ्यानंही लिहिलं. त्याच्या नावाला शोभेलसं, हौसेनं शोधून काढलेलं. नंतर त्यानं हळूच विचारलं, "आवडलं ना?" मी हो म्हटलं, आणि खोटं नव्हते बोलत, मला खरंच आवडलं होतं. कुणी मला लुटलं नव्हतं हो. पण गंमत बघा, इतक्या हौसेनं नाव ठेवलं आणि जन्मभर हाक मारली ती "अगं". मुलगी झाल्यावर मी आई झाले, ती शाळेत गेल्यावर मॉम झाले. इथल्या मराठी मंडळात मी सगळ्यांची काकू. मी ज्या औषधांच्या दुकानात नोकरी केली तिथल्या लोकांनी माझ्या नव्या नावाची शेपटी छाटून तीन अक्षरं छातीवरच्या बिल्ल्यावर लावली. तेव्हा नव्या नावाचंही फारसं काही झालं नाही. जुनं तेवढं माहेरी जिवंत होतं, आणि माहेर म्हणजे शेवटी शनिवारचा एक फोन उरला होता.

असो. आता म्हातारीचं सांगते.

म्हातारी म्हणजे माझी शेजारीण. पंच्याऐंशीच्या पुढची, अविवाहित, उंच, आवाज असा की ढग गडगडावा. तिनं जन्मभर या गावात शाळेची बस चालवली. माझी मुलगी तिच्याच बसमधून शाळेत गेली. आमच्या कोपऱ्यावर बस थांबली की ही दार उघडून पोरांना एकेकाला नावानं हाक मारायची, आणि पेंगुळलेली पोरं दचकून धावायची. इतकी वर्षं आमचं नातं हात हलवण्यापुरतं. माझा नवरा गेला तेव्हा तिनं पाय भाजून आणला होता, म्हणजे तो खायचा गोड पाय, सफरचंदाचा. मी भांडं परत देताना त्यात लाडू घालून दिले. झालं, फिटंफाट.

मग तिचे डोळे गेले. नजरेच्या मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. गाडी सुटली, वाचणं सुटलं. गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात एका दुपारी तिनं माझी बेल वाजवली आणि सरळ विचारलं, "तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? मग तुला चांगलं दिसत असेल. हातानं लिहिलेलं वाचता येतं का?"

मी म्हटलं, डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी हयात गेली, मला कुणाचंही वाचता येतं.

"मग चल," ती म्हणाली.

तिच्या घरात जेवणाच्या टेबलावर मोठ्ठा कॉम्प्युटर. त्यावर जुन्या कागदांचे फोटो. इंग्लंडमध्ये सफोक म्हणून भाग आहे, तिथलं एक चिमूटभर खेडं. तिची खापरपणजी त्या खेड्यातून जहाजात बसून इकडे मॅसॅच्युसेट्सला आली. तेव्हापासून तिकडे कोणी फिरकलं नाही, ही स्वतःही कधी गेली नाही. पण तीसेक वर्षं ही त्या खेड्याच्या मागे लागली होती. नुसत्या आपल्या घराण्याच्या नाही, अख्ख्या गावाच्या. तिकडे गावाला पॅरिश म्हणतात. म्हणजे एका चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर पोचतो तेवढी घरं, असं समजा. तिथे कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोण पुरलं गेलं, हे पाद्री लिहून ठेवायचा. म्हातारी ते वाचून एकेक माणूस एकेका घरात बसवायची. आता डोळ्यांनी दगा दिला आणि काही वर्षांच्या नोंदी राहून गेल्या होत्या.

मी मनात म्हटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. माझेच मेलेले मला पुरेत, हिच्या खेड्यातले कशाला? पण घरी जाऊन तरी काय करायचं होतं? भिंतीकडे बघायचं. म्हणून बसले आणि वाचायला लागले.

आणि खरं सांगते, लागली मला त्याची चटक. रोज दुपारी मी जायची, मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "थांब. हा सुतार. गिरणीच्या मागच्या घरातला. याची बायको बाळंतपणात गेलीय." मग पुढच्या पानावर त्या सुताराचं दुसरं लग्न निघायचं आणि मी ओरडायची, "अरे मेल्या, बायकोची माती तरी वाळू दे!" म्हातारी खो-खो हसायची. म्हणायची, सगळे तसेच करायचे, घरात पोरं, भाकरी कोण भाजणार? आणि दुसरीला पहिली मुलगी झाली की तिला पहिलीचं नाव ठेवायचे. बघ, ठेवलंच असेल. मी पुढे शोधायची आणि निघायचं हो, पहिल्या बायकोचंच नाव.

एका घरात एकच नाव तीनदा आलं. पोर जन्मायची, त्या नावानं बाप्तिस्मा, काही महिन्यांत मातीत. पुढच्या पोरीला पुन्हा तेच. तिसरी जगली. त्या दिवशी मला पुढे वाचवेना. म्हातारी म्हणाली, "नाव वाया जाऊ देत नव्हते ते." आणखी एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. एका हिवाळ्यात पाद्र्यानं लिहिलंय, रस्त्यावर मेलेली एक परकी बाई, नाव ठाऊक नाही. एवढंच. कुठून आली, कुठे चालली होती, कोणास पत्ता. मी म्हटलं, मरायच्या आधी कुणी पाणी दिलं असेल तर नाव विचारलं नसेल का? म्हातारी म्हणाली, "तिला मी कुठल्याच घरात बसवू शकले नाही. ती तशीच उभी आहे."

हे सगळं भाऊ असतानाचं. मी शनिवारी त्याला त्या सुताराच्या गोष्टी सांगायची. तो म्हणायचा, "तू अमेरिकेत राहून इंग्लंडमधल्या लोकांची भुतं नाचवतेस, तुला काम नाही का?" मी म्हणायची, नाहीच आहे.

भाऊ गेल्यावर भाच्यानं कुरिअरनं एक फोटो पाठवला. भावाच्या कपाटात सापडला म्हणे. मी एकोणीस वर्षांची, लग्नाच्या आधीची, स्टुडिओत काढलेला. दोन वेण्या, खुर्चीच्या पाठीवर हात, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू खुर्ची माझ्या बापाची आहे. मी त्याला फ्रेम केली आणि दिवाणखान्यात नवऱ्याच्या फोटोशेजारी टांगला. नवऱ्याच्या फोटोला चंदनाचा हार आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोला आम्ही हार घालतो, हे म्हातारीला मीच पूर्वी सांगितलं होतं.

मार्च महिन्यात ती माझ्याकडे चहाला आली. हातातलं भिंग लावून तिनं तो फोटो कडेकडेनं न्याहाळला. मान वाकडी करून, कोंबडीसारखी. तसंच दिसतं तिला.

"ही कोण?"

मी नाव सांगितलं. कित्येक आठवड्यांत ते नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, माझ्याही.

"कुठे असते?"

"गेली," मी म्हटलं.

"कधी?"

"माझ्या नवऱ्याशी लग्न लागलं ना, त्याच दिवशी. संध्याकाळपर्यंत संपली. मग मी आले."

मला सरळ बोलायचा कंटाळा आहे. आमच्या घरात मी असं काही बोलले की सगळे म्हणायचे, झालं का हिचं सुरू! पण म्हातारी तसं काही म्हणाली नाही. तिनं माझा हात हातात घेतला. "बिचारी पोर," ती म्हणाली. "आणि तू तिला इथे भिंतीवर ठेवलंयस. तुझं मन फार मोठं आहे." माझ्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, कळलं हिला. पाद्र्यांनी लिहिलेल्या नोंदींतून जन्मभर बायका शोधणारी बाई, हिला नाही कळणार तर कुणाला! तिला काय कळलं होतं ते मला नोव्हेंबरात समजलं.

त्यानंतर ती आली की बागेतलं एखादं फूल आणायची आणि त्या फोटोखाली ठेवायची. मला अवघडायला व्हायचं. जिवंत माणसाच्या फोटोला फूल! पण म्हटलं, या लोकांना काय माहीत, प्रेमानं ठेवतेय तर ठेवू दे. एकदा तिनं विचारलं, "तुझ्या मुलीला तिचं नाव नाही ठेवलंस?" मला हसू फुटलं. म्हटलं, कुणाला सुचलंच नाही. ती गंभीरपणे म्हणाली, "आमच्या पॅरिशमध्ये ठेवलं असतं." मी म्हटलं, तुमचं पॅरिश आमच्यापेक्षा शहाणं.

आणि ती मला ते नाव पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. मी म्हणायची, मग ती म्हणायची. मधल्या अक्षराशी तिची जीभ अडखळायची. "पुन्हा," ती म्हणायची. उन्हाळाभर हे चाललं. शेवटी एक दिवस तिच्या तोंडून ते असं स्वच्छ निघालं, की मिरजेच्या बाईनं म्हणावं. माझ्या अंगावर काटा आला. पण नाव म्हणणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. म्हातारी फोटोकडे बघून ते म्हणायची, माझ्याकडे बघून नाही. मला ती बिल्ल्यावरच्या तीन अक्षरांनीच हाक मारायची. आता तिला सांगावं का, की बये, त्या नावानं मलाच हाक मार? दहादा ओठांवर आलं. पण हाक काय मागून घ्यायची वस्तू आहे? मागून मिळालेल्या हाकेला ओ कशी देणार?

दसरा गेला आणि झाडं लाल-पिवळी होऊन झडायला लागली. म्हातारीचा एक पुतण्या ओहायोत असतो. तो तिला वसंतात आपल्याकडे न्यायचं म्हणत होता. एकटी कशी राहणार, डोळे नाहीत, जिने आहेत. त्याचं चुकत नव्हतं. म्हातारी त्यावर बोलायची नाही, मीही विचारायची नाही.

मग ती म्हणाली, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मला चर्चला ने. तिथे त्या दिवशी गेलेल्यांची नावं घेतात. ज्याला वाटेल त्यानं पुढे जायचं, आपल्या माणसांची नावं मोठ्यानं म्हणायची, आणि प्रत्येक नावाला एक लहानशी घंटा वाजते. आपल्याकडे सर्वपित्री असते तसंच की. फक्त खीर-वडे नाहीत. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं नाव तू घेशील?"

"मी?" मी म्हटलं. "आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात. तिथे यमक कुठून जुळवू?" खरं तर भीती होती, की ते नाव घेतलं आणि मी तिथेच कोसळले तर.

"मग मी घेते," ती म्हणाली. "आणि तुझ्या घरातलं आणखी एक घेते. तुझी हरकत नाही ना?"

मला वाटलं, भावाचं. गेले दहा महिने भावाखेरीज मी दुसरं काय बोलत होते? डोळे भरून आले. म्हटलं, घे बाई, तुझे उपकार होतील.

चर्च पांढरं, लाकडी, आत थंडगार. मी पातळ नेसले होते आणि वर जाडजूड कोट, पाय गारठलेले. माणसं थोडी होती, बहुतेक केस पिकलेली. एकेकजण पुढे जाऊन आईचं, वडिलांचं, एक बाई तर आपल्या मुलाचं नाव घेऊन आली. नाव झालं की पुढे बसलेली एक बाई घंटा हलवायची. म्हातारीची पाळी आली. मी तिला धरून पुढे नेलं आणि पहिल्या बाकावर येऊन बसले.

ती दरवर्षी अख्खं खेडं घेऊन बसते म्हणून तिथल्या पाळकबाईंनी, म्हणजे चर्च चालवणाऱ्या बाईंनी, तिला आधीच तंबी दिली होती, या वेळी मोजकीच. म्हणून तिनं मोजकीच घेतली. तिची खापरपणजी. सुताराची पहिली बायको. एकाच नावाच्या त्या दोन तान्ह्या पोरी, तेच नाव दोनदा, घंटाही दोनदा. मग ती म्हणाली, "आणि रस्त्यावरची ती बाई, जिचं नाव कुणी विचारलं नाही." घंटा. मी त्या सगळ्यांना ओळखत होते. त्या चर्चमध्ये त्यांना ओळखणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

मग तिनं माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. नीट, आडनावासकट. घंटा वाजली. मी पदराचं टोक मुठीत आवळलं. आता भावाचं येणार म्हणून कान टवकारून बसले.

म्हातारीनं मान वर केली. समोरचं तर दिसत नव्हतंच तिला, म्हणून नेम धरावा तसं तिनं तोंड समोर केलं. आणि बसच्या दारातून पोराला हाक मारावी, तशा त्या गडगडाटी आवाजात, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता तिनं माझं नाव घेतलं. माझं. पाळण्यातलं.

"ओऽ!"

मी दिली हो. मी काय ठरवून दिली? तोंडातून निघाली. तीही भावाला द्यायची तशी, मिरजेपर्यंत पोचेल अशी. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. आणि घंटावाली बाई बिचारी, तिचा हात आधीच हललेला, तिनं माझ्या नावाची घंटा वाजवून टाकली.

म्हातारी तिथेच उभी राहिली, आवाजाच्या दिशेनं मान वाकडी करून. माझा आवाज तिला कळला होता. पाळकबाईंनी शेवटी तिला खाली आणलं.

नंतर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी आणि डोनट होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. ताट, तांदूळ, अंगठी, पेढे. ती ऐकत गेली आणि लाल होत गेली.

"म्हणजे ती मेली नाही?"

"नाही."

"ती तुझ्या नवऱ्याची पहिली बायको नव्हती?"

"अगं, बायको होती, पहिलीही होती, पण ती मीच."

"तू म्हणालीस, ती संध्याकाळपर्यंत संपली!"

"बोलले खरी तसं."

"मार्चपासून," म्हातारी टेबलावर हात आपटून म्हणाली, "मार्चपासून रोज झोपताना मी त्या पोरीसाठी प्रार्थना करतेय!"

"मग फुकट नाही गेली," मी म्हटलं. "पोर जगली."

आधी ती हसली, मग मी हसले, मग आम्हा दोघींना थांबताच येईना. डोनटची साखर माझ्या पातळावर, तिच्या कोटावर. हसता हसता मी कधी रडायला लागले मला कळलं नाही. तिनं विचारलं, "आता त्या नावानं तुला कोण हाक मारतं?"

"कोणी नाही. भाऊ मारायचा."

"मुलगी?"

"तिला ते ठाऊकच नाही. कधी निघालंच नाही घरात."

उरलेला डोनट म्हातारीनं चाचपडत कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला. मी तिला घरी सोडलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती शुगर लँडला असते, गाडी चालवताना फोन करते, कारण तेवढाच वेळ तिला मिळतो. मी तिला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. तिला इतकं हसू आलं की म्हणाली, "आई, थांब, आय हॅव टू पुल ओव्हर." मग म्हणाली, "ओ माय गॉड, यू वेंट टू युअर ओन फ्युनरल! मी हे ग्रुपवर टाकू का?" टाक म्हटलं. ती म्हणाली, "तुझं नाव बदललं होतं? आय नेव्हर न्यू. दॅट्स सो क्रेझी." मी म्हटलं, हो, बदललं होतं. आणि थांबले. आता ती विचारील, काय होतं गं? मी नाव जिभेवर आणून ठेवलं होतं. पलीकडून गाडीच्या इंडिकेटरचा टिकटिक आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई, मी पोचले, आत सगळे वाट बघतायत. लव्ह यू. जेवून घे." आणि फोन ठेवला. पोर गुणाची आहे, मला तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिनं विचारलं नाही. मला फार एकटं वाटलं. नवरा गेला त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

सोमवारी सकाळी कणीक मळायला घेतली. एकटीला दोन पोळ्या लागतात, त्यासाठीही परात काढावी लागतेच. बाहेर पानं पडत होती, मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. तेवढ्यात म्हातारीच्या अंगणातून जाळीच्या दाराचा आवाज आला, तिची काठी पायरीवर ठकठकली.

आणि तिनं हाक मारली. माझं नाव. फोटोकडे बघून नाही, देवासाठी नाही, मला. मिरजेला आई मागच्या दारातून मारायची तशी, मधलं अक्षर लांबवून.

ओ अगदी ओठांवर आली होती. पण वसंतात ती ओहायोला जाणार. तिच्यानंतर कोण? मी ओ गिळली. हात कणकेत तसेच ठेवून, श्वाससुद्धा रोखून गप्प उभी राहिले, म्हातारीनं आणखी एकदा हाक मारावी म्हणून.